घर-संसार : जुनी ओल नव्या घरात नको



चाळीतली, वस्तीतली कितीतरी कुटुंबे अलीकडे नव्या इमारतींत राहायला गेली. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांपैकी वरळीच्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. कोणी संक्रमण शिबिरात जातो, कोणी गळकी भाड्याची खोली सोडून दुसरी घेतो. घर बदलले की माणूस मोकळा श्वास घेतो. पण सामान बांधताना जुन्या भिंतीची बुरशीही आपण बांधून नेतो, याचा विचार फार थोडे लोक करतात.

बुरशी ही सजीव आहे. तिला ओल हवी आणि खायला कापूस, कागद, लाकूड, चामडे असे काहीतरी हवे. तिचे बीजकण डोळ्यांना दिसत नाहीत. गादी झटकली की ते हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओलसर घरांविषयी मार्गदर्शिका काढली. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला व श्वासाचे विकार अधिक आढळतात, असे तीत सांगितले आहे. लहान मुले, दमेकरी, आणि ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे, त्यांनी विशेष जपावे. क्षयाने फुप्फुसात पडलेल्या जुन्या पोकळीत बुरशी वाढू शकते. २०२१ साली करोनानंतर ‘काळी बुरशी’ हा शब्द सर्वांनी ऐकला. भिंतीवरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे, म्हणून घाबरू नये. मात्र दुर्लक्षही करू नये.

सामान नव्या घरात नेण्याआधीच निवडावे. हे काम गॅलरीत, गच्चीवर किंवा अंगणात करावे. तोंडाला एन-९५ मास्क आणि हातात रबरी मोजे घालावेत. कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. आजारी माणसाला आणि मुलांना त्या वेळी तिथून दूर ठेवावे.

स्टील, पितळ, काच, प्लास्टिक यांत बुरशी शिरत नाही. साबणाच्या पाण्याने घासून कडक वाळवले की ही भांडीकुंडी बिनधास्त न्यावीत. कपडे गरम पाण्यात साबण घालून धुवावेत व उन्हात पूर्ण वाळवावेत. भरीव लाकडाचा पाट, पेटी, खुर्ची पुसून, वाळवून वापरता येते. प्लायवूड किंवा भुश्श्याच्या फळीचे कपाट फुगले असेल तर त्याचा मोह सोडावा.

खरी ओढाताण होते ती गादीवरून. सासूबाई म्हणतात, दोन दिवस ऊन दाखवा, चांगली होईल. सूनबाई म्हणते, टाकून द्या. ऊन दाखवल्याने गादी वाळते हे खरे. पण आत मेलेली बुरशी कापसातच राहते आणि तीही दमेकऱ्याला त्रास देते. म्हणून आतपर्यंत डाग गेलेली गादी, उशी, सोफ्याचा फोम टाकलेलाच बरा. तो कापूस पुन्हा पिंजायला देऊ नये. पिंजणाऱ्याच्या छातीत तो जाईल. आजीची गोधडी मात्र लगेच फेकू नये. नुसता कुबट वास असेल तर गरम पाण्यात धुऊन पाहावी. आतले थर काळे पडले असतील तर वरचे चांगले लुगडे उसवून, धुऊन, नवीन चिंध्यांवर पुन्हा टाके घालावेत. आजीची आठवण राहते, आजार राहत नाही.

टाकायचे सामान जिन्यात सोडू नये. पिशवीत घट्ट बांधून द्यावे. ते उचलणारा बहुधा आपलाच भाऊ असतो, त्याच्या फुप्फुसाची काळजी आपण नाही घ्यायची तर कोणी? आणि आपण वापरणार नाही ती बुरसटलेली वस्तू ‘गरिबाला द्या’ म्हणून दान करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. ती न उघडता भंगारात देऊ नका. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ लागले. मूळ जात दाखवणारा कागद म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. तोच जर बुरशीने खाल्ला, तर नातीचा कॉलेजातला प्रवेश अडतो.

असा कागद ओला असेल तर ओढून सोडवू नये, इस्त्री फिरवू नये, कडक उन्हात टाकू नये. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, जुन्या कोऱ्या कागदावर पसरावा. पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने घराबाहेर हलकेच झटकावा. दोन्ही बाजूंचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवावा. मूळ कागद लॅमिनेट करू नये, साध्या कागदी पाकिटात ठेवावा. अक्षरे गेलीच असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि तहसील कार्यालयातून गाव नमुना नं. १४, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल मागावी. वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या तोंडावर नव्हे, आजच अर्ज करावा. काचेला चिकटलेला जुना फोटो उपटू नये. काचेसकटच त्याचा फोटो काढून घ्यावा.

दोन इशारे. ब्लीचिंगचे पाणी आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, विषारी वायू होतो. आणि डांबरगोळ्यांनी कसर पळते, बुरशी नाही.

नव्या घरात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. स्वयंपाक करताना खिडकी उघडा. गळती दिसली की एक-दोन दिवसांत पुसून वाळवा, आणि सोसायटीकडे तोंडी नव्हे, लेखी तक्रार करा. तिची पोच त्याच ट्रंकेत जपून ठेवा.