पॅकेज कळलं, पण भोंगा किती वाजता?

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "पॅकेज किती?" तीन लाख, साडेचार लाख, सहा लाख... आकडे असे फेकले जातात जणू क्रिकेटचा स्कोअर चालू आहे. एखाद्या सीनियरला चांगलं पॅकेज मिळालं की त्याच्याकडे बघण्याची आपली नजरच बदलते. पण मित्र-मैत्रिणींनो, त्या आकड्याच्या बदल्यात दिवसाचे किती तास द्यायचे, हे विचारताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही. या लेखात मला त्या प्रश्नाचीच वकिली करायची आहे. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी थोडं मिक्स होणार, सांभाळून घ्या!)

मी चिखल्याची. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मॅंगनीजच्या पट्ट्यात आमचं गाव. चिखल्याची खाण जमिनीखालची, आणि जवळच्या डोंगरी बुजुर्गची वरून उघडी. या भागातलं मॅंगनीज काढायला १८९६ मध्ये सुरू झालेली ब्रिटिशांची कंपनी होती. १९६२ मध्ये सरकारने तिच्या जागी नवी कंपनी उभी केली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. आज तिला सगळे 'मॉयल' म्हणून ओळखतात. स्टील बनवायचं तर मॅंगनीज लागतंच. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी पावडर असते, तीसुद्धा मॅंगनीज डायऑक्साइड. म्हणजे आपले अर्धेअधिक इंजिनीअरिंगचे विषय आमच्या गावाच्या मातीवर उभे आहेत म्हणा ना!

तर आमच्याच घरात दोन नोकऱ्या आहेत. एक काकांची, खाणीत जमिनीखाली. दुसरी माझ्या चुलत दादाची, पुण्यात, सॉफ्टवेअरची. दादाला लागून वर्ष व्हायचं आहे. तो पहिल्यापासून दोन गोष्टींचा वेडा. एक म्हणजे व्यायाम, आणि दुसरी कॉम्प्युटर. जुन्या पीसीत लिनक्स टाकणं, आर्डुइनोवर काहीबाही बनवणं, शेतातल्या पंपासाठी छोटं सर्किट करणं, असले उद्योग त्याचे रात्री उशिरापर्यंत चालायचे. नोकरी लागली तेव्हा त्याने झकास टाइमटेबल बनवलं होतं: सकाळी जिम, दिवसा ऑफिस, रात्री एक तास स्वतःचं कोडिंग. जिमची वर्षाची फी एकदम भरून टाकली. आता सकाळची जिम गेली, कारण रात्रीचे कॉल अकरापर्यंत चालतात. रात्रीचं कोडिंग गेलं, कारण दिवसभर स्क्रीन बघून डोळे चुरचुरतात. आर्डुइनो डब्यात आणि डबा पलंगाखाली.

दिवाळीत तो घरी आला तेव्हा लॅपटॉप सोबत होताच. काका त्याला म्हणाले, "काहून रे, इतका पगार भेटते अन् झोपाले टाइम भेटत नाही?" सगळे हसले. दादापण हसला, पण उत्तर काही दिलं नाही.

काकांची नोकरी सोपी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. जमिनीखाली ऊन नाही, वारा नाही, वर धोका आहे तो वेगळाच. मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. नाइट शिफ्टच्या आठवड्यात घरात सगळ्यांनी हळू बोलायचं, हा आमच्या लहानपणीचा नियम. पण त्या नोकरीत एक गोष्ट आहे जी दादाच्या नोकरीत नाही. ती गोष्ट म्हणजे भोंगा. भोंगा वाजला की शिफ्ट संपली. त्यानंतर खाण काकांना हाक मारत नाही. म्हणूनच पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी ते व्हॉलीबॉलच्या ग्राउंडवर दिसतात, आणि पन्नाशी जवळ आली तरी त्यांचा स्मॅश बघण्यासारखा असतो.

आणि हा भोंगा काही आपोआप आलेला नाही. १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या कामगारासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. १९५५ च्या नियमांनी खाणीत येण्याआधी आणि नंतर ठरावीक वर्षांनी मेडिकल तपासणी सक्तीची केली. म्हणजे खाणीत 'फिट' हा शब्द सर्टिफिकेटवर येतो, आणि तो तपासण्याची जबाबदारी कंपनीची असते. आमच्या आयटीवाल्यांमध्ये 'फिट' हा शब्द फक्त जिमच्या पोस्टरवर!

त्याच्याही मागे जाऊ. रविवारची सुट्टी आपल्याला इतकी गृहीत वाटते की ती कोणी मिळवून दिली असेल हे डोक्यातच येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकलंय? महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केलं होतं, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, ही त्यांची मुख्य मागण्यांपैकी एक. एप्रिल १८९० मध्ये हजारो कामगारांची सभा झाली आणि त्या काळात तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. म्हणजे सुट्टी ही कोणाची मेहरबानी नाही. भांडून मिळवलेली इस्टेट आहे ती, आणि आपण वारस आहोत.

आणि आपण काय करतोय? ती इस्टेट फुकटात परत देतोय. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टी चे चेअरमन ९० तासांबद्दल बोलले. दोघंही मोठी माणसं, त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आदरच आहे. पण आपण इंजिनीअर होणार आहोत, तर एखादी गोष्ट मान्य करण्याआधी गणित करून बघू या की!

आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ गेले. जेवण, आंघोळ, कपडे वगैरेला रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. पुण्या-मुंबईत जायला-यायला रोज दोन तास, सहा दिवसांचे बारा. आता काम ४८ तास असेल तर उरतात साडेचौतीस. त्यात जागतिक आरोग्य संघटना सांगते तो आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम आरामात बसतो, आर्डुइनो बसतं, आईशी फोनवर बोलणं बसतं, पिक्चरही बसतो. काम ७० तास केलं की उरतात साडेबारा. आणि ९० तास? उत्तर येतं वजा साडेसात! म्हणजे रोज तासाभराहून जास्त झोप कापायची, आणि तरीही व्यायाम शून्य, छंद शून्य. टाइम मॅनेजमेंटची कितीही पुस्तकं वाचा, वजा साडेसात तासांचं मॅनेजमेंट करता येत नाही.

हा फक्त मजा-मस्तीचा प्रश्न नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त, असं त्यात निघालं. तरीही वारं उलट्या दिशेनेच वाहतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील असं सांगितलं गेलं. पण बारा तासांच्या दिवसानंतर ग्राउंडवर कोण जाणार, तुम्हीच सांगा.

आता मुलींचं गणित वेगळं मांडावं लागतं. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आढळलं, आणि पुरुष ८८ मिनिटं. २८९ गुणिले सात म्हणजे आठवड्याला जवळजवळ चौतीस तास. आता वरचे साडेचौतीस आठवा. उरला अर्धा-पाऊण तास! ही सरासरी आहे, नोकरी न करणाऱ्या बायकाही त्यात धरल्या आहेत, हे मान्य. पण माझ्या आईच्या आणि काकूच्या शिफ्टला भोंगा नाही, हे मी रोज बघते. २०१९ मध्ये सरकारने स्त्रियांना खाणीत जमिनीखाली तांत्रिक आणि सुपरवायझरी कामाची परवानगी दिली, तोपर्यंत ती बंदच होती. उद्या मी मेकॅनिकल इंजिनीअर म्हणून कुठल्या शिफ्टला उभी राहिले, तर भोंगा वाजल्यावर मला घरी दुसरी शिफ्ट नको आहे. मुलांनो, हे वाक्य तुमच्यासाठी पण आहे बरं का. आपला डबा आपण भरायला शिका.

काहीजण म्हणतील, "इच्छा असली की वेळ निघतो." खरंय, पण अर्धं. स्वप्निल कुसाळेचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, २०१५ पासून मध्य रेल्वेच्या नोकरीत, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. नोकरी आणि ट्रेनिंग दोन्ही! जिद्द त्याची होतीच, पण रेल्वे खेळाडूंना सरावासाठी वेळ देते हेही विसरू नका. जिद्दीला उभं राहायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे तास.

छंदाचंही तसंच. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली तेव्हा तो २१ वर्षांचा स्टुडंट होता आणि स्वतःच त्याला 'छंद' म्हणत होता. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तोसुद्धा लोकांनी आपल्या फावल्या वेळात, एक पैसा न घेता लिहिला. हे कोणाच्या अप्रेझलमध्ये बसत नव्हतं. कंपनीने सांगितलेलं काम कंपनीचं होतं, पण कोणी न सांगता केलेल्या कामातून माणूस घडतो. दादाचं पंपाचं सर्किट पूर्ण झालं असतं तर आमच्या शेतात रात्री दोनला मोटर बंद करायला कोणी उठलं नसतं. त्याचा हिशोब कुठल्या पॅकेजमध्ये धरायचा?

"तरुणपणी कष्ट करा, मग आराम आहेच" हा युक्तिवादही मला माहीत आहे. कष्टाला माझा विरोध नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सगळेच जागतो, प्रोजेक्टची डेडलाइन असली तर कंपनीतही जागावं. पण रोजच परीक्षेची रात्र असेल तर प्लॅनिंग कोणाचं चुकलं? आणि पंचविशीत मोडलेली व्यायामाची सवय चाळिशीत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परत येते, तीही गोळ्यांच्या खाली लिहून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या वर्षी कंपन्यांची प्रेझेंटेशन होतील, शेवटी "एनी क्वेश्चन्स?" विचारतील. तेव्हा एकाने तरी उभं राहून, अगदी नम्रपणे, विचारावं: सर, तुमच्याकडे नवीन इंजिनीअर साधारण किती वाजता घरी जातो? रात्रीचे कॉल आठवड्यातून किती? एकट्याने विचारलं तर तो आळशी ठरेल, हे मलाही कळतं. म्हणून पन्नास जणांनी विचारू या. प्लेसमेंट सेलने तर हा प्रश्न पॅकेजच्या शेजारी नोटीस बोर्डवर एक रकाना म्हणूनच छापावा. लोखंडेंनी हजारो कामगार जमवले होते, आपल्याला फक्त एक क्लास जमवायचा आहे.

आणि ज्याला भोंगा असलेली नोकरी मिळेल, त्याने तो वाजल्यावर खरंच उठावं. मोबाइलवर बोटं घासत ते तास घालवू नयेत. ग्राउंड रिकामं असतं, डब्यातलं आर्डुइनो वाट बघत असतं. काकांना व्हॉलीबॉलसाठी सहावा गडी नेहमीच कमी पडतो.