बातमी हेही हत्यारच



तुरीच्या शेतात आपण कामगंध सापळे लावतो. सापळ्यात रोज आठ-दहा पतंग सलग दोन-तीन दिवस सापडले, की घाटेअळी येणार हे कळते आणि मगच फवारणी करायची. आधी बातमी, मग हत्यार. सैन्याचेही तसेच असते.

याचा दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटले. परतताना संगमनेरजवळ मोगलांनी गाठले. सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. त्या वेळी हेरप्रमुख बहिर्जी नाईकांनी फौजेला आडवाटेने काढले. तीन दिवस-रात्र चालून सारे पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचले, असे सभासद बखर सांगते. तोच पुढे विश्रामगड झाला. तेव्हा तलवारीपेक्षा वाटेची माहिती कामी आली. महाराजांनी हे काम एकट्या नाईकांवर सोडले नव्हते. अष्टप्रधानांतले मंत्री, म्हणजे वाकनीस, यांच्याकडे बातम्यांची जबाबदारी होती.

आजच्या सैन्यातही यासाठी वेगळी माणसे असतात. कामे मुख्यतः तीन : शत्रूची माहिती काढणे, आपली राखणे आणि खोट्या बातमीला खऱ्याने उत्तर देणे. आपल्याकडे तिन्ही दलांची मिळून संरक्षण सायबर एजन्सी आहे. तिचा पहिला प्रमुख २०१९ मध्ये नेमला गेला. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असा निरोप फोनवर फिरला. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. असा निरोप खरा मानून सारा गाव पैसे काढायला धावला, तर शत्रूचे काम गोळी न झाडता होते.

म्हणून घरोघरी एवढे पाळा :

१. मुलगा सैन्यात असेल तर त्याची पलटण कुठे आहे, कोणत्या गाडीने तो निघाला, हे पारावर बोलू नका, फोनवरही टाकू नका.

२. लष्कराच्या गाड्या दिसल्या तर फोटो काढून पाठवू नका.

३. निरोप कोणाचा, कधीचा, हे कळल्याशिवाय पुढे ढकलू नका. रेडिओवरील बातमीशी ताडून पाहा.

४. घरातल्या लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही हे समजावून सांगा.

बियाणे आपण उगवण तपासून पेरतो. बातमीही तपासूनच पुढे द्यावी. सीमेवरच्या आपल्या लेकराचा जीव तिच्यावर अवलंबून असू शकतो.