हजच्या खजुरीची बी आणि डोणगावची काळी माती

हजचे लोक परतले की डोणगावात घरोघरी जमजम आणि खजूर पोहोचतात. खजूर खाऊन संपतात, पण बिया फेकवत नाहीत. मदिनेहून आलेली बी म्हणून कोणी ती धुऊन डबीत ठेवते, कोणी अंगणात पुरते. ती रुजतेही. गवताच्या पात्यासारखे एकच हिरवे पान वर येते आणि घरात सगळ्यांना दाखवून होते. इथवर काही बिघडत नाही. पण हल्ली आमच्याकडे येणारे प्रश्न अंगणापुरते राहिलेले नाहीत. एकरभर सोयाबीन मोडून अजवा लावावी का? काळ्या रानात ट्रॉलीने रेती टाकली तर वाळवंटासारखी जमीन होईल का? रोपे विकणारा तिसऱ्या वर्षी फळाची हमी देतो, घ्यावी का? एका भगिनीने तर विचारले की दागिना मोडून पैसे भरायचे चालले आहे, तुमचे मत काय. दागिना मोडायची पाळी असेल तर आधी मातीबद्दल बोललेले बरे.

वाळवंटातली माती निकस असते, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे आहे. राजस्थानच्या थरमधल्या मातीत शंभरात ८० ते ९५ भाग वाळूचे कण असतात. पालापाचोळा कुजून तयार होणारा भाग नावालाच, म्हणून नत्र फार कमी. चुना मात्र बऱ्यापैकी आणि स्फुरदही अगदीच वाईट नाही. अशा मातीला पाणी दिले की ते क्षणात खाली जाते. एक मीटर खोल रेताड मातीत पिकाला घेता येईल असे पाणी ५० ते ८० मिलिमीटर साठते; आपल्या काळ्या मातीत १५० ते २०० मिलिमीटर. म्हणून तिथे पाणी आणि खत थोडे थोडे, पण वारंवार द्यावे लागते. बदल्यात ही माती मुळांना हवा देते. ती तुंबत नाही, भेगाळत नाही, पाऊस पडून गेल्यावर लगेच वाफशावर येते. बाजरी, मटकी, गवार, तीळ, बोर ही तिची पिके. खजुरीलाही हेच हवे असते. अरब म्हणतात, खजुरीचे पाय पाण्यात आणि डोके आगीत हवे. त्यातले पाणी म्हणजे मुळांजवळून वाहून जाणारे पाणी. साचलेले नव्हे.

मजा अशी की मदिनेच्या आसपासचा खडक आपल्यासारखाच आहे. शहराच्या दोन्ही अंगांना ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची पठारे आहेत, त्यांना तिथे हर्रा म्हणतात. इ.स. १२५६ मध्ये मदिनेजवळ लाव्हा वाहिल्याची नोंद आहे. आपला दगडही लाव्ह्याचाच. लोणारचे सरोवर ज्या खडकात आहे तो हाच. पण आपला खडक साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यावर वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. तो कुजून बारीक चिकण झाला. तिथला खडक वयाने लहान आणि पाऊस जेमतेम. दगड दगडच राहिला आणि बागा झाल्या त्या दऱ्यांमध्ये, ओढ्यांनी आणलेल्या रेताड गाळावर.

फरक पाहायचा तर घरात पाहता येतो. काचेच्या बरणीत मूठभर माती घाला, पाणी भरा, मुलांना हलवायला द्या आणि बरणी खिडकीत ठेवा. रेती मिनिटभरात तळाशी बसते. आपल्या रानातल्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असते, कारण चिकणाचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो. हेच कण पाणी पिऊन फुगतात आणि पावसाळ्यात मुळांची हवा बंद करतात.

आता रेतीच्या ट्रॉल्या. चिकण मातीत खड्डा करून त्यात रेती भरली तर तो खड्डा पावसात विहिरीसारखा होतो. चारही बाजूंचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर जायला वाट नसते. झाड रेतीत उभे असूनही बुडते. संपूर्ण शेताचा पोत बदलेल इतकी रेती टाकायची तर जमिनीपेक्षा रेतीच महाग पडेल. काळ्या रानातच काही लावायचे असेल तर उंच गादी करावी, चर काढावेत, शेणखत घालावे. रेती विकत घेऊ नये.

समजा जमिनीची सोय झाली, तरी आभाळाचे काय? खजूर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि फळ पिकायला येते ते नेमके पावसात. पिकत्या खजुरावर पाऊस पडला की तो तडकतो, आंबतो. कच्छमध्ये, मुंद्र्याच्या बाजूला, खजुरीच्या मोठ्या बागा आहेत, पण तिथेही शेतकरी फळ पुरते पिकू देत नाहीत. लाल-पिवळे, करकरीत असतानाच जून-जुलैत उतरवून ताजे विकतात. बरही ही जात त्या अवस्थेतही गोड लागते, म्हणून तिची लागवड वाढली. अजवा झाडावर पूर्ण पिकून, काळी आणि मऊ होऊन खायची. तिला पिकण्याच्या काळात कोरडी आग हवी. ती आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कुठून आणायची?

बीची गोष्ट तर निराळीच. खजुरीत नर झाड वेगळे, मादी वेगळे. बीपासून निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळते फुले आल्यावर, चार-सहा वर्षांनी. मादी निघाली तरी फळ आईसारखे असेलच असे नाही. अजवाच्या बीचे झाड म्हणजे अजवा नव्हे. खात्रीचे झाड हवे तर बुंध्याशी फुटलेला पिल्ला किंवा ऊतिसंवर्धित रोप लागते. वर वीस-पंचवीस माद्यांमागे एक नर ठेवून हाताने परागीकरण करावे लागते.

या परागीकरणाचा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा लोक नराचा फुलोरा मादीवर घालताना त्यांना दिसले. त्याची गरज नसावी असे त्यांनी सुचवले, लोकांनी ते सोडले आणि त्या वर्षी फळ कमी आले. तेव्हा त्यांनी सांगितले, त्याचा आशय असा की दुनियेच्या अशा कामांतले तुम्हीच अधिक जाणता. अजवाची फजिलत सहीह बुखारीत आहे आणि तिच्यावर आपला विश्वास आहे. पण त्या फजिलतीच्या नावाने बीची रोपे चढ्या भावात विकणारा शेतीचे बोलत नसतो. त्याला सरळ विचारावे: रोप बीचे की ऊतीचे, नर किती देणार, फळ कोणत्या महिन्यात पिकणार आणि त्या महिन्यात मेहकर तालुक्यात पाऊस किती असतो. उत्तरे लेखी मागावीत. बहुतेक सौदे तिथेच थांबतात.

रेताड जमिनीला पाणी मिळाले की सोने पिकते, हेही सावधपणे घ्यावे. इंदिरा गांधी कालव्याने गंगानगर, हनुमानगड भागात गहू-कापूस आला, पण खाली चुना-जिप्समचे घट्ट थर असलेल्या ठिकाणी पाणी साचले आणि क्षार वर आले. क्षार वर आले की काय होते हे आपल्याच जिल्ह्यातल्या शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाण पट्ट्यातले शेतकरी सांगतील. तिथली माती चिकण आहे, दुखणे मात्र ओळखीचे.

आपल्याकडे वाळवंटी मातीच्या जवळपास येते ती पैनगंगेकाठची रेताड पट्टी आणि माळावरची बरड, मुरमाड जमीन. काठावर टरबूज, काकडी छान येतात. बरडावर बोर, सीताफळ लावावे. थोडे पाणी, भरपूर शेणखत आणि आच्छादन एवढे पुरते. नदीतली रेती ट्रकांनी शहरात जाते, कारण तिचे कण खरबरीत असतात आणि सिमेंट धरतात. वाळवंटाची वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली असते, ती बांधकामाला नीट चालत नाही. म्हणून वाळूच्या समुद्रात बसलेले खाडी देशही बाहेरून रेती मागवतात. तयम्मुमला मात्र वाळू चालते. हनफी मतानुसार जमिनीच्या जातीचे काहीही, धूळ नसलेली वाळू किंवा दगडही पुरेसा आहे. कोकणातले आपले शाफई बंधू धूळ असलेली माती हवी असे मानतात. आजारी माणसाच्या उशाशी मातीचा डबा ठेवणाऱ्या घरांनी हा फरक आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारून घ्यावा.

अंगणातले रोप उपटू नका. मोठ्या कुंडीत अर्धी रेती, पाव भाग माती, पाव भाग कुजलेले शेणखत घ्या, तळाला दोन भोके ठेवा आणि पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्या. तीन-चार वर्षांनी कुंडी पुरेनाशी झाली की बांधावर, उताराच्या मुरमाड जागी लावा. ओढ्याकाठची शिंदी तिचीच बहीण आहे, ती जिथे सुखात आहे तशी जागा पाहा. काट्यांपासून लहान मुलांना जपा.