दुसऱ्याच्या खिशातली करुणा

पावसाळा तोंडावर आला की म्हाडा मुंबईतील अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. टेकू लावलेल्या जिन्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चढउतार करणारी कुटुंबे त्या यादीत आपल्या इमारतीचे नाव शोधतात आणि सापडले तरी घर सोडत नाहीत. याला बेपर्वाई म्हणणे सोपे आहे; पण एकदा बाहेर पडल्यावर परत येता येईल, असा विश्वास त्यांना कोणी दिला आहे? दुसरीकडे, हाती येणाऱ्या भाड्यात दुरुस्ती भागत नाही म्हणून मालक इमारतीकडे फिरकत नाही. दोघेही अगतिक, आणि वास्तू मात्र दोघांच्या डोळ्यांदेखत ढासळते आहे. ही आपत्ती आभाळातून कोसळलेली नाही. ती कायद्याने ओढवून घेतलेली आहे.

१९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा युद्धोत्तर टंचाईच्या काळात आला. नाडलेल्या भाडेकरूला आधार देणे हे तेव्हा शासनाचे कर्तव्यच होते. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढींच्या कुबड्यांवर पन्नास वर्षे चालला आणि १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच ‘प्रमाण भाडे’ म्हणून गोठून राहिले. १९७३मध्ये लायसन्सवर राहणाऱ्यांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण मिळाले आणि रिकामी खोली देऊ पाहणाऱ्या मालकाच्या मनात कायमची धास्ती बसली. अखेर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच सांगावे लागले की, भाडे असे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता अवाजवी ठरल्या आहेत.

त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली, करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि मुदत संपलेल्या लायसन्सधारकाकडून घर परत मिळवण्याचा जलद मार्ग खुला केला. हे योग्यच झाले. परंतु जुन्या भाड्यांना वर्षाला केवळ चार टक्के वाढ मिळाली. शंभर रुपये भाडे पंचवीस वर्षांत, चक्रवाढीने मोजले तरी, २६७ रुपयांच्या आसपासच पोहोचते. एवढ्या पैशांत गवंड्याची एका दिवसाची मजुरीही सुटत नाही. आणि वास्तू राहण्याजोगी ठेवण्याचे बंधन मात्र याच कायद्याने मालकावर घातले आहे!

येथे मालक म्हणजे गब्बर जमीनदार, ही चित्रपटातील प्रतिमा बाजूला ठेवावी. जुन्या चाळींच्या मालकांत देवस्थाने आहेत, सार्वजनिक न्यास आहेत, वडिलोपार्जित वास्तूचा हिस्सा वाट्याला आलेल्या विधवा आहेत. त्याचप्रमाणे भाडेकरू म्हणजे फुकटा, ही शिवीही तितकीच अन्यायाची. ज्या गिरणी कामगाराने आणि कारकुनाने ही मुंबई उभी केली, त्याची मुले आज डोंबिवली, बदलापूर, विरार गाठत आहेत. उरलेल्यांनाही बाजारभावाच्या वरवंट्याखाली ढकलले, तर गिरगावचा मराठी संसार आठवणींपुरताच उरेल.

मालक आणि भाडेकरू यांना दोन वैरी वर्ग मानणारी दृष्टी परकी आहे. आपल्या परंपरेत अधिकार आणि कर्तव्य ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दुर्बलाचे रक्षण हा समाजाचा धर्म आहे. पण समाजाचा धर्म एका शेजाऱ्याच्या खिशातून पाळून घेणे हा धर्म नव्हे. सरकारने स्वतःची तिजोरी न उघडता दुसऱ्याच्या खिशातून करुणा वाटली आणि मतांचे पुण्य मात्र आपल्या पदरी बांधून घेतले. खासगी मालमत्ता सरसकट समाजाचे भौतिक साधन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितले. तो खटला मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींतूनच उभा राहिला होता, हे विसरून चालणार नाही.

मार्ग काय? १९९९च्या कायद्याने बँका आणि एक कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. ज्याची ऐपत आहे त्याला सवलत नको, हेच त्यामागील तत्त्व. तेच निवासी जागांना टप्प्याटप्प्याने लावावे. ऐपतदार भाडेकरूने वाजवी भाडे द्यावे. वृद्ध आणि अल्प उत्पन्न कुटुंबांच्या भाड्यातील तफावत शासनाने भरावी. वाढीव भाड्याचा ठरावीक हिस्सा दुरुस्तीसाठीच राखून ठेवणे मालकावर बंधनकारक असावे. पुनर्विकासात भाडेकरूचा परतीचा हक्क आधी नोंदवावा, घर नंतर रिकामे व्हावे.

नव्या भाडेकरारांसाठी केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडे कायद्याला मंजुरी दिली. निवासी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती, लेखी करार, स्वतंत्र भाडे न्यायालये, आणि जुन्या करारांना धक्का नाही, असे त्याचे स्वरूप आहे. विषय राज्यांचा असल्याने निर्णय विधानसभांनी घ्यायचा आहे. उत्तर प्रदेशने २०२१मध्येच स्वतःचा कायदा केला. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. एकीकडे कुलूपबंद घरे आणि दुसरीकडे घर शोधत वणवण करणारी तरुण जोडपी! ती कुलुपे धाकाने उघडणार नाहीत; विश्वासाने उघडतील.

सरकार कोणाचेही असो, या प्रश्नाला हात घालणे म्हणजे मतांचे मोहोळ उठवणे, ही भीती सर्वांनाच वाटत आली आहे. मात्र कोसळणारी भिंत मालक कोण आणि भाडेकरू कोण, हे विचारत नाही. पुढची यादी जाहीर होण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.