नऊ विद्यार्थ्यांची पुस्तिका

थायलंडमधील 1973 साल म्हटले की सर्वांना 14 ऑक्टोबरचा उठाव आठवतो. माझ्या मते त्या सालाचे वाचन एप्रिलपासूनच करावयास हवे. त्या महिन्याच्या अखेरीस एक लष्करी हेलिकॉप्टर कोसळले आणि अवशेषांत वन्य प्राण्यांचे मांस सापडले. अधिकारी मंडळी थुंग याईच्या अरण्यात शिकारीस गेली होती. सरकारचा खुलासा असा, की ती गुप्त कामगिरी होती!

बँकॉकच्या रामकामहेंग विद्यापीठातील नऊ विद्यार्थ्यांनी एका पुस्तिकेत यावर टोमणा मारला. अरण्यातील प्राण्यांच्या सभेने प्राण्यांना मुदतवाढ दिली, एवढाच तो विनोद. पण थानोम आणि प्रपास या सत्ताधारी सेनानींना नुकतीच मुदतवाढ मिळालेली असल्याने तो वर्मी लागला. कुलगुरूंनी नऊही जणांना काढून टाकले. जूनमध्ये हजारो विद्यार्थी लोकशाही स्मारकापाशी जमले. नऊजण परत आले, कुलगुरूंनाच जावे लागले. तेथेच मागणी पुढे आली, की सहा महिन्यांत राज्यघटना द्या. आधीची घटना थानोम यांनी 1971 मध्ये रद्द केली होती.

कुलगुरू हसून गप्प बसते तर उठाव झालाच नसता, असे मी म्हणत नाही. असंतोष जुनाच होता. परंतु चार ओळींच्या चेष्टेला शिक्षा करून त्यांनी विखुरलेल्या विद्यार्थ्यांना एकत्र आणले, हे खरे. ऑक्टोबरमध्ये घटनेची पत्रके वाटणाऱ्यांना अटक होताच थम्मासात विद्यापीठात परीक्षांवर बहिष्कार पडला. 13 तारखेच्या मोर्चात लाखो माणसे होती. दुसऱ्या दिवशी गोळीबारात 77 जणांचा बळी गेला. थानोम, प्रपास व थानोमपुत्र नारोंग यांना देश सोडावा लागला. नवे पंतप्रधान झाले ते थम्मासातचेच कुलगुरू, सान्या धर्मासाक्ती. एकाच वर्षात एका कुलगुरूंची खुर्ची गेली नि दुसऱ्यांना पंतप्रधानपद मिळाले!

आपण विजयाची गोष्ट येथेच थांबवतो, हे मला खटकते. घटना 1974 मध्ये आली खरी. पण सैन्य होते तसेच राहिले. सप्टेंबर 1976 मध्ये थानोम भिक्षूच्या वेषात परतले. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांवर 6 ऑक्टोबरला थम्मासातच्या आवारातच पोलीस व जमाव तुटून पडले. त्याच संध्याकाळी सैन्याने सत्ता घेतली आणि ती घटनाही रद्द झाली.