अर्धा एकर पाणी

दोस्तांनो, या खेपेच्या टपालात धाडहून एक पत्र आलंय. धाड म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, विदर्भ आणि मराठवाड्याच्या शिवेवरचं गाव. पत्र लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. ती म्हणते, 'आफ्रिकेचं चित्र कुठंही बघा, भेगा पडलेली जमीन आणि धान्यासाठी रांगेत उभी असलेली मुलं. तिथली माणसं स्वतः काहीच करत नाहीत का?'

प्रश्न झकास आहे. पण आफ्रिकेत जाण्याआधी जरा घरातच डोकवू. तुमच्या आजीला किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना विचारा, 'मिलो खाल्लाय का हो?' बहुतेक ते तोंड वाकडं करतील! मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. १९७२च्या दुष्काळात ती रेशनवर मिळायची. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि घरी येऊन मिलोची भाकरी थापायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्या वेळी आपले फोटो काढून कोणी दूरदेशीच्या मासिकात छापले असते, तर तिथल्या एखाद्या मुलीनंही हाच प्रश्न विचारला असता, नाही का?

गंमत बघा, नेमक्या त्याच सुमारास आफ्रिकेतल्या साहेलमध्येही भयंकर दुष्काळ पडला होता. 'साहेल' म्हणजे किनारा. समुद्राचा नव्हे हं, सहारा वाळवंटाचा! या पट्ट्यात बुर्किना फासो नावाचा देश आहे. १९६० पर्यंत तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. १९८४ पर्यंत देशाचं नाव होतं अप्पर व्होल्टा. त्याच्या उत्तरेला यातेंगा हा भाग. पाऊस चार महिने आणि तोही लहरी. पीक काय, तर ज्वारी आणि बाजरी. ही दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. म्हणजे आपली भाकरी तिकडची पाहुणी आहे, बरं का!

यातेंगात माती वाहून जाई आणि जमीन सिमेंटसारखी टणक होई. म्हणून १९६२ ते १९६५ या काळात फ्रेंच तंत्रज्ञ मोठमोठी यंत्रं घेऊन आले. त्यांनी १ लाख २० हजार हेक्टरांवर मातीचे बांध घातले. काम झपाट्यानं झालं. फक्त एक गोष्ट राहून गेली. बांध कुठं हवा, कसा हवा, हवा तरी की नको, हे शेतकऱ्यांना कोणी विचारलंच नाही. यंत्रं परत गेली. बांध आपले आहेत असं गावाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे त्यांची डागडुजी कोण करणार? काही वर्षांतच बरेचसे बांध मोडले, वाहून गेले.

१९६७च्या सुमारास बर्नार लेदेआ वेद्राओगो नावाच्या एका शिक्षकानं वेगळाच विचार केला. या भागात पूर्वीपासून 'नाम' नावाची पद्धत होती. गावातली तरुण मुलंमुली एकत्र येऊन एकमेकांची शेतं करायची. गटात श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाचा मुलगा सारखेच. आपल्याकडची इर्जिक किंवा सावड आठवली ना? (आणि 'नाम' म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांची संस्थाही आठवली असेल. ती २०१५ची. दोन्ही नावं जुळतात तो निव्वळ योगायोग!) वेद्राओगो यांनी या जुन्या गटांनाच नवी कामं जोडून दिली : विहिरी, तळी, धान्याची कोठारं. यंत्रांची वाट पाहायची नाही, गावात जे आहे त्यापासून सुरुवात करायची. पावसाळा संपला की इथले तरुण कामासाठी दूर आयव्हरी कोस्टमधल्या कोकोच्या मळ्यांत जात, जसे आपल्याकडचे लोक ऊसतोडीला जातात. ते कोरडे आठ महिने गावातच कामी लावायचे, यासाठी १९७६ मध्ये आणखी एक संघटना उभी राहिली. पैशाची मदत बाहेरून घेतली, पण कुठलं काम करायचं ते गट ठरवणार!

पुढे १९८०च्या दशकात त्याच यातेंगात पुन्हा बांध झाले, पण या वेळी दगडांचे आणि शेतकऱ्यांनी स्वतः घातलेले. आता बांध उतारावर नेमका आडवा पडायला हवा, तर जमिनीची पातळी मोजायची कशी? पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीनं! नळीच्या दोन्ही टोकांत पाणी एकाच उंचीवर राहतं, बस्स. घराचं काम चालू असेल तिथल्या गवंडीकाकांकडे बघा, ते याच नळीनं लेव्हल काढतात. शाळेत न गेलेल्या माणसालाही ती नळी दोन दिवसांत वापरता येते.

याच भागात गुर्गा नावाच्या गावी याकुबा सावादोगो हे शेतकरी राहत. त्यांनी टणक जमिनीत खड्डे खणायची जुनी रीत सुधारली. या खड्ड्यांना 'झाई' म्हणतात. उन्हाळ्यात वीतभर रुंदीचे खड्डे खणायचे, त्यांत शेणखत टाकायचं. खतापाठोपाठ वाळवी येते, ती जमीन पोखरून भुसभुशीत करते. पहिला पाऊस खड्ड्यात साठतो आणि त्यात ज्वारी पेरायची. वाळवीला मजुरीवर ठेवणारा शेतकरी तुम्ही कधी पाहिलाय? लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, कोणीतरी त्यांचं शेतही पेटवून दिलं. ते मात्र खणत राहिले. शेणातून आलेल्या बियांची झाडं झाली, झाडांचं रान झालं. मग ते आपल्याच शेतावर शेतकऱ्यांचा बाजार भरवू लागले. आपापलं बियाणं आणा, अदलाबदल करा, खड्डे कसे खणायचे ते शिकून जा. २०१८ मध्ये त्यांना एक मोठा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला आणि २०२३ मध्ये ते वारले.

आता परत महाराष्ट्रात येऊ. बहात्तरच्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनिअर कारखानदार, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात गेले. हजारो माणसं खडी फोडताना त्यांनी पाहिली. त्यांना वाटलं, इतके हात राबताहेत, पण पुढच्या दुष्काळात यातलं काय उपयोगी पडणार? मग नायगावला देवस्थानाची ४० एकर पडीक, उताराची जमीन त्यांनी भाडेपट्ट्यानं घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणली आणि तेच पाणी वर चढवून पिकाला दिलं. पुरंदरच्या या भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. बुलढाणा जिल्ह्यात याहून बराच जास्त पडतो, हे धाडकरांनी ध्यानात घ्यावं! माळ हिरवा झाला तसे आसपासच्या गावांचे लोक येऊन म्हणू लागले, 'आम्हालाही हे करायचंय.'

इथपर्यंतची गोष्ट बांधांची झाली. खरी अवघड गोष्ट तर पुढेच आहे : अडवलेलं पाणी कुणाचं?

नेहमीची रीत अशी की ज्याची जमीन जास्त, ज्याचा पंप मोठा, त्याचं पाणी. साळुंखे आणि गावकऱ्यांनी १९७९ पासून 'पाणी पंचायत' सुरू केली आणि ती रीतच उलटी केली. पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणसांप्रमाणे. घरात जितकी माणसं, तितक्या अर्ध्या एकरांपुरतं पाणी. पण एका कुटुंबाला अडीच एकरांहून जास्त नाही. ऊस लावायचा नाही, कारण तो एकटाच सगळ्यांचं पाणी पिऊन टाकतो. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः भरायचा. पाणी सोडायला पाटकरी नेमायचा, तोही सगळ्यांनी मिळून. आणि ज्याच्याकडे जमिनीचा तुकडाही नाही, त्यालाही पाण्याचा वाटा!

मला विचाराल तर हा शेवटचा नियम सगळ्यात धाडसाचा. 'शेतच नाही तर पाणी घेऊन करणार काय?' असं कोणीही म्हणेल. पण पाणी हातात असलं की दुसऱ्याची जमीन बटाईनं करता येते, आणि मग शेतमालकाशी बोलताना भूमिहीन माणसाची मान खाली राहत नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथेही पुढे समान वाटपाचाच आग्रह धरला गेला.

मग हे सगळीकडे का झालं नाही? कारण ते सोपं नाही. पाणी पंचायतीच्या अनेक योजना पुढे बंद पडल्या. विजेची बिलं, पंपांची दुरुस्ती, उसाचा मोह, पुण्याजवळ म्हणून चढलेले जमिनींचे भाव, एक का कारण! साळुंखे २००२ मध्ये वारले. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करणारा कायदा व्हावा ही त्यांची धडपड होती, ती अपुरीच राहिली. तिकडे याकुबांच्या रानाचंही तसंच झालं. जवळचं वाहिगुया शहर वाढलं, सरकारनं प्लॉट पाडले आणि त्यांनी वाढवलेल्या झाडांत घरं उभी राहिली. जमिनीचा कागद त्यांच्या नावावर नव्हता ना! पण झाईचे खड्डे शेजारच्या नायजरमध्येही पोचले, ते काही कोणाला परत घेता आले नाहीत.

तेव्हा धाडच्या मैत्रिणी, तिथली माणसं खूप काही करतात. फोटो काढणारे बहुधा दुष्काळात जातात आणि बांध घालायच्या दिवसांत जात नाहीत, एवढंच.

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका पाझर तलावात साडेसात एकरांपुरतं पाणी आहे. गावात तीन घरं. पहिल्या घरात ४ माणसं आणि २० एकर जमीन. दुसऱ्यात ६ माणसं आणि ३ एकर. तिसऱ्यात ५ माणसं, जमीन नाही. जमिनीप्रमाणे वाटलं तर पहिल्याला साधारण साडेसहा एकरांचं पाणी, दुसऱ्याला एका एकराचं आणि तिसऱ्याला काहीच नाही. पाणी पंचायतीच्या नियमानं वाटलं तर पहिल्याला दोन एकरांचं, दुसऱ्याला अडीच आणि तिसऱ्यालाही अडीच. बेरीज झाली सात.

अर्धा एकर पाणी उरलं. ते कुणाला द्यायचं, की तलावातच ठेवायचं? घरात, वर्गात भांडून ठरवा आणि कारणासकट पोस्टकार्डावर लिहून पाठवा.