आधी नंबर, मग रंग!

गेल्या महिन्यात दारव्ह्याला गेलो होतो. मागच्या पडवीतली आजोबांची फियाट काकांनी रंगवायला काढली आहे, गॅरेजवाल्याला इसारही देऊन झालाय. मी एवढंच म्हटलं, की आधी चासी नंबर अन् इंजिन नंबर वाचून आरसी बुकाशी ताडून पाहू.

झालं! "गाडीले रंग द्याले आला का तिची जन्मपत्री काढाले बे?" सगळी ओसरी हसली.

हसा. पण या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. आमच्या गाडीत नंबर इंजिनामागच्या पत्र्यावरच ठोकलेला आहे, आणि गॅरेजवाला म्हणतो, "तो पत्रा सडला, कापून नवा टाकू." म्हणजे नंबर भंगारात! मग काकांकडे उरणार एक चकचकीत गाडी, जी कागदावरची आपलीच गाडी आहे हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. (रोज बाजारात मिरवायची परवानगी नाही. काकांना हे अजून सांगितलेलं नाही!) इंजिनाचीही मला शंका आहेच. मधल्या काळात कुण्या मिस्त्रीनं पद्मिनीचं बसवलं असेल आणि ते आरसीवर चढवलंच नसेल तर? हे आत्ता कळलेलं बरं, की रंगाचे पैसे मोजून झाल्यावर?

आणि ग्राइंडर लावू नका हो! रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश, बस्स. मग पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासायची, आरटीओतले एजंट घेतात तसा छाप. रिव्हेट मारलेल्या पाटीवर एकटीवर भरवसा नको. पाटी एका गाडीवरून काढून दुसरीवर लावता येते, पत्र्यात ठोकलेला आकडा तसा हलवता येत नाही.

पण मंडळी, या हसण्यामागचं खरं कारण वेगळंच आहे. १९६१ साली आत्याची पाठवणी याच गाडीतून झाली असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आता पाहा, जुन्या 'डुक्कर फियाट'चं पुढचं दार उलटं उघडायचं, बिजागऱ्या मागे. आमच्या गाडीचं सरळ उघडतं. तिची सगळी ठेवण १९६४ मध्ये आलेल्या डिलाइटची आहे. आरसी बुकात सालाचा कोपरा वाळवीनं खाल्लाय, नंबर मात्र शाबूत आहे. तो गाडीशी जुळला की आरटीओच्या जुन्या नोंदीत शोधता येईल, आणि तेच कुणाला नकोय. काकू तर स्पष्टच बोलली, "आत्याले का सांगशीन?"

सांगेन, की मग तू कोणत्या गाडीतून गेलीस ते तूच सांग. ती ऐंशी पार आहे, तिला आठवतंय, आणि तिला आजवर कुणी विचारलेलंच नाही.

असो. पत्रा कापायचं काम दिवाळीपर्यंत थांबवलंय. शेवटचे दोन आकडे अजून गंजाखाली आहेत. येणार असाल तर एक बारीक टॉर्च घेऊन या, काकांचा बिघडलाय.